सव्वा तासाची सीडी

४ फेब्रुवारी

चि. खारू,

आशीर्वाद तुला कायमचेच आहेत, दर पत्रात वेगळे मोजून देत नाही.

कृपया लक्ष द्या. हे पत्र तुझ्या आईला दाखवू नकोस. पुन्हा सांगतो, आईला दाखवू नकोस. ती माझी सख्खी बहीण असली तरी तिच्या पोटात काही राहत नाही, आणि दर रविवारी तिचा तुझ्या मामीला फोन असतो.

मामाने फोन का केला नाही, असं तुला वाटेल. पुढच्या महिन्यात घशाचं ऑपरेशन आहे आणि तोवर कमीत कमी बोलायची ताकीद आहे. ई-मेल करता आली असती, पण ज्याच्याबद्दल तक्रार आहे त्याच्याच हातात अर्ज कसा द्यायचा? तक्रार संगणकाबद्दल आहे.

ऑपरेशननंतर तीन आठवडे तोंडातून शब्द काढायचा नाही. मग आवाज परत येईल, जरा घोगरा असेल एवढंच, असं डॉक्टर म्हणाले. म्हणताना ते माझ्याकडे न बघता तुझ्या मामीकडे बघत होते, हे माझ्या नजरेतून सुटलेलं नाही. असो. तीन आठवडे हे घर माझ्या आवाजाशिवाय कसं चालणार, ही खरी काळजी. अठ्ठावीस वर्षं मी बस-स्थानकावर उद्घोषक होतो. एक दिवस मी रजेवर गेलो तर लोक भलत्याच गाडीत चढायचे. म्हणून मी ठरवलं, घराला लागतील त्या सगळ्या सूचना आधीच रेकॉर्ड करून सीडीवर घ्यायच्या. पाण्याची मोटर कधी बंद करायची, गॅसचा खटका, मागच्या दाराची कडी, विजेचं बिल, दारावर येणाऱ्या विक्रेत्यांना काय सांगायचं. स्वयंपाकघरात सीडी प्लेयर आहे. तुझ्या मामीने फक्त बटण दाबायचं. संगणकाला ती हात लावत नाही, तिला त्यातलं काही कळत नाही.

आता मुद्दा. सीडी लिहायच्या यंत्राच्या, त्या रायटरच्या खोक्यावर लिहिलंय की सीडी चार मिनिटांत होते. मला सव्वा तास लागतो. तोही धड नाही, निम्म्या सीड्या शेवटी फुकट जातात. आधी असं नव्हतं. गेल्या महिन्यापासून झालंय. कुठेतरी पाणी मुरतंय.

माझा संशय तिघांवर आहे. पहिला सीडीवाला दुकानदार. त्याने "घ्या, चांगल्या आहेत" असं मी न विचारताच म्हटलं. दुसरे आमचे परदेशातले चिरंजीव. त्यांनी संगणकावर बसवायला एक कॅमेरा पाठवलाय. त्यांना म्हणे आम्हाला बघायचंय. एवढं बघायचं होतं तर यायचं. त्या कॅमेऱ्यातून कोण कोण बघतं देव जाणे, म्हणून मी त्याच्या डोळ्यावर जखमेची पट्टी चिकटवून टाकली. बोलण्याची मला भीती नाही. माझा माईक माझा स्वतःचा, जुना, खटक्याचा. सूचना संपली की खटका बंद, हे हाताला कायमचं लागलेलं आहे. आमच्या स्थानकावर एकाचा माईक उघडा राहिला होता आणि आगार-व्यवस्थापकाच्या पोटाबद्दल त्याचं मत सात फलाटांना ऐकू गेलं. माझ्याकडून तसं कधी झालं नाही.

तिसरी तुझी मामी. ती हल्ली कीबोर्ड पुसते. घरात बाकी धूळ राहिली तरी चालते, पण मी येऊन खुर्चीत बसलो की ही फडकं घेऊन हजर. मी उठलो की पुन्हा फडकं. विचारलं तर म्हणते, "बटणांच्या फटीत कचरा जातो." लग्नानंतर इतकी वर्षं तिला फटीतला कचरा दिसला नव्हता.

तू रोज संगणकच दुरुस्त करतेस. खरं काय ते कळव.

तुझा मामा

ता. क. पाकीट मी डिंकाने चिकटवलंय. तुला मिळेल तेव्हा ते तसंच आहे का, तेही कळव.


९ फेब्रुवारी

प्रिय मामा,

नमस्कार लांबूनच, पण वाकून.

पाकीट जसंच्या तसं मिळालं. इतकं घट्ट होतं की उघडताना मीच फाडलं.

घाबरण्यासारखं काही नाही. सीडी हळू होण्याची कारणं साधी असतात. आधी सीडी बदला. स्वस्तातल्या सीडीवर वेग कितीही छापलेला असो, रायटरला ती पटली नाही की तो आपणहून पाय ओढत चालतो. दुसरं, सीडी राईट होत असताना पत्ते खेळू नका. तुम्ही खेळता हे मला माहीत आहे.

तिसरं जरा तांत्रिक आहे. संगणक आणि रायटर यांच्यात एक-दोनदा चुका झाल्या की संगणक त्याच्याशी सावकाश बोलायला लागतो आणि पुन्हा वेग वाढवायचं नाव काढत नाही. एकदा विश्वास उडाला की उडाला, तुमच्यासारखंच. त्यावर उपाय असा: डिव्हाइस मॅनेजर उघडा, तिथे सेकंडरी चॅनेल दिसेल, ते काढून टाका आणि संगणक बंद करून पुन्हा चालू करा. तो रायटरशी नव्याने ओळख करून घेईल. पायऱ्या सोबतच्या कागदावर चित्रं काढून दिल्या आहेत.

हे सगळं एकदम करू नका. एक करा, चार-पाच सीड्या काढून बघा, मग दुसरं करा. घाई नको. सीडी होत असताना शेजारी बसून राहा म्हणजे कुठे अडतं ते कळेल.

कीबोर्ड पुसणं चांगलं असतं, मामा. आमच्या वर्कशॉपमध्ये येणारे कीबोर्ड बघाल तर तुम्हीच फडकं घ्याल.

तुमची
खारू


११ फेब्रुवारी

प्रिय खारू,

हे पत्र शिवणाच्या मशीनवर बसून लिहितेय. हे पलीकडच्या खोलीत आहेत. मशीन थांबलं की ह्यांचे कान टवकारतात, म्हणून मधूनमधून नुसताच पाय मारते. अक्षर हललेलं दिसलं तर समजून घे.

तुझं पत्र आलं, ते ह्यांनी दोनदा वाचलं आणि उशीखाली ठेवलं. ह्यांना फार काही कळू दिलं नाहीस ते चांगलं केलंस. "शेजारी बसून राहा" असं लिहिलंस म्हणे, त्याबद्दल तर तुला काय देऊ तेच कळत नाही. सकाळपासून बसलेत.

तू फोनवर शिकवलंस तसंच करते. हे बसले की फडकं फिरवता फिरवता तुझं ते रेकॉर्डिंग सुरू करायचं बटण दाबते, उठले की बंद करायचं. कॅमेऱ्याचा डोळा ह्यांनी बंद केला, पण त्याचा कान चालू आहे, हे तू म्हणालीस ते खरंय. मी एकदा थोडं लावून बघितलं. सगळं स्वच्छ ऐकू येतं.

खारू, डॉक्टरांनी मला आणि तुझ्या आईला जे सांगितलं ते तुला माहीत आहे. स्वरयंत्रच काढणार आहेत. जीव वाचेल, आवाज नाही. तीन आठवड्यांनी नाही आणि तीन वर्षांनीही नाही. ह्यांना सांगितलं तर हे ऑपरेशनच्या टेबलावर झोपायचेच नाहीत, मला माहीत आहे. "आवाज गेल्यावर मी कोण" असं ह्यांनी एकदा थट्टेत म्हटलं होतं, ती थट्टा नव्हती. म्हणून डॉक्टरांच्या हातापाया पडून मी तीन आठवड्यांचं बोलायला लावलं. बरोबर केलं की नाही, मला ठाऊक नाही. रात्री झोप लागत नाही एवढं ठाऊक आहे.

त्या सीड्यांत ह्यांचा आवाज आहेच की, असं तू मागे म्हणाली होतीस. तो नाही गं. तो स्थानकावरचा आवाज. माईक पुढे आला की हे दुसरेच कोणी होतात. छाती फुगते, प्रत्येक शब्द दोनदा. त्या माणसाशी मी संसार केलेला नाही. मला ते "अगं, ऐकलंस का" पाहिजे. संगणकाला दिलेल्या शिव्या पाहिजेत. स्वतःशी हिशेब करताना पुटपुटतात ते पाहिजे.

आणि आता एक मागते. सीडी लवकर दुरुस्त करून देऊ नकोस. बोलायला बंदी आहे म्हणून एरवी हे गप्प असतात, पण सीडी अडली की ह्यांना राहवत नाही. सव्वा तास ह्यांचं बोलणं चालू असतं. मला तेवढाच मिळतो.

हे उठले. थांबते.

तुझी
मामी


१६ फेब्रुवारी

चि. खारू,

तुझ्या सगळ्या सूचना पाळल्या. अहवाल देतो.

चांगल्या कंपनीच्या सीड्या आणल्या. सव्वा तासाचा एक तास झाला. ते सेकंडरी चॅनेल काढलं. त्या दिवशी पहिली सीडी वीस मिनिटांत झाली आणि मला वाटलं, जिंकलो. तेवढ्यात मामी फडकं घेऊन आली. दुसरी सीडी पुन्हा तासभर.

मी आता लहान नाही, खारू. मी फलाटावर पाकीटमार ओळखायचो, ते गर्दीत शिरायच्या आधी.

तुझ्या पत्राचा कागद मी उजेडात धरून वाचला. "घाई नको. एक करा, मग दुसरं करा. शेजारी बसून राहा." हे कोण लिहितं? ज्याला काम उरकायचं असतं तो असं लिहीत नाही. लहानपणी माझ्या घड्याळाचे काटे तू तोडलेस आणि "मामा, आज वेळ बघू नका, बाहेर छान आहे" म्हणालीस. तोच सूर.

कोपऱ्यावरच्या संगणकवाल्याकडे गेलो. कागदावर लिहून तक्रार सांगितली. तो पहिल्याच दमात म्हणाला, "काका, मागे दुसरं काहीतरी चालू असणार. डिस्क किती भरलीय?" घरी येऊन बघितलं. चाळीस जीबीची डिस्क, जवळजवळ तुडुंब. त्यात माझ्या सूचनांचे जेमतेम दोन. बाकीचं कोणी खाल्लं? आणि हा प्रश्न त्या चहा पीत बसलेल्या माणसाला सुचला, तो माझ्या भाचीला का सुचला नाही? तू यातच शिकलेली आहेस.

तू नेमकी कोणाच्या बाजूची आहेस?

माझा अंदाज सांगतो. चिरंजीवांनी कॅमेऱ्याबरोबर काहीतरी आत सोडलंय. घरातलं टिपून तिकडे जातं. मामीला माहीत आहे, तुला माहीत आहे, तुझ्या आईला तर सगळ्यात आधी माहीत असणार. मी आजारी आहे म्हणून माझ्यावर पहारा बसवलाय. मी काय खातो, किती खोकतो, याची नोंद चालू असेल. मला विचारलं असतं तर मीच सांगितलं असतं. न विचारता केलं, हे मला लागलंय.

संगणकवाला येत्या सोमवारी घरी येतोय. सगळं पुसून संगणक कोरा करकरीत करून देतो म्हणाला. शोधत बसायचं कारणच नाही. माझ्या सूचनांच्या सीड्या झाल्यात तेवढ्या पुरेत.

तुझा
मामा

ता. क. हे पत्र मी घराजवळच्या पेटीत टाकलं नाही. स्टेशनपर्यंत चालत जाऊन टाकलं.


१९ फेब्रुवारी

प्रिय मामा,

आत्ताच फोन केला होता. तुम्ही उचललात हे श्वासावरून कळलं. रिसीव्हरवर एक टिचकी म्हणजे हो आणि दोन म्हणजे नाही, ही आपली खूण मी विसरलेली नाही. मी "सोमवारी पुसू नका" म्हटलं तर तुम्ही दोन मारल्या. "मामीला फोन द्या" म्हटलं, पुन्हा दोन. मग तुम्ही ठेवून दिलात. म्हणून हे पत्र कुरियरने पाठवतेय, उद्या मिळेल.

तुमच्यावर कोणीही पहारा बसवलेला नाही. शपथ कशाची घेऊ सांगा, त्याची घेते. दादाच्या कॅमेऱ्यातून तिकडे काहीही जात नाही. तुमचं इंटरनेट इतकं हळू आहे की त्यातून कोणाचा खोकलासुद्धा जायचा नाही.

मी उशीर लावला हे खरं. मला माफ करा. पण संगणक कोरा करणं हा उपाय नाही. गेलेलं परत येत नाही, मामा. मी रोज लोकांना रडताना बघते. कोणाच्या लग्नाचे फोटो, कोणाचं काय. करायचंच असेल तर निदान मामीचं काम जपून ठेवा. "शिवणाचे नमुने" नावाचं फोल्डर आहे, त्याला हात लावू नका. तिची सगळी मेहनत त्यात आहे. उघडूनही बघू नका, फाइली बिघडतात.

एवढं माझं ऐका. पुढे कधी काही मागणार नाही.

तुमची
खारू


२४ फेब्रुवारी

चि. खारू,

संशयी माणसाला "उघडून बघू नका" असं लिहिणारी तू एकटीच. तुझं पत्र वाचल्यावर पहिलं काम काय केलं, ते सांगायला नकोच.

तुझी मामी शिवलेले कपडे पोचवायला बाहेर गेली होती. शिवणाचे नमुने तीस जीबी जागा खात नाहीत, एवढं मला कळतं. आत सगळ्या आवाजाच्या फाइली. म्हटलं, सापडले. हेडफोन लावला आणि मधलीच एक उघडली.

खुर्ची करकरली. मग कोणीतरी म्हातारा खोकला आणि म्हणाला, "अगं, ह्या मेल्याने परत मान टाकली बघ." माझ्या मनात आलं, हा कोण आपल्या घरात शिरलाय? घसा बसलेला, जरा किरकिरा, नाकात बोलणारा. पंधरा मिनिटं ऐकल्यावर कळलं की तो मी आहे. जन्मभर मी स्वतःला भोंग्यांतूनच ऐकत आलो. माझा घरातला आवाज कसा असतो हे मला आजवर माहीतच नव्हतं. कॅमेऱ्याच्या डोळ्यावर पट्टी मारली आणि त्याला कान असतो हे विसरलो. जन्म माईकपुढे काढलेल्या माणसाने.

तरी माझा संशय गेला नाही. मला वाटलं, मी खोलीत नसताना ही लोकं माझ्याबद्दल काय बोलतात ते आता सापडेल. तेवढ्यासाठीच ऐकत बसलो. त्या दिवशी, दुसऱ्या दिवशी, ती बाहेर गेली की मी हेडफोन लावून. जिथे मी उठतो, तिथे रेकॉर्डिंग संपतं. जिथे बसतो, तिथून सुरू. मी खोलीत नसतानाचं काहीच नाही. तुझ्या मामीचा आवाजसुद्धा नाही, नुसतं लांबून एखादं "हं". चिरंजीवांबद्दल नाही, आजाराबद्दल नाही, कोणाबद्दलच नाही. सगळा मीच. खोकतोय, पुटपुटतोय, पत्ते हरलो की संगणकाला दोष देतोय, चहा मागतोय. ऐकायला कंटाळा येईल असा माणूस. आणि तो तिने दिवसेंदिवस साठवलाय.

मग मला दुसरं कळलं. तीन आठवड्यांच्या मौनासाठी कोणी माणसाचं कुरकुरणं साठवून ठेवत नाही.

डॉक्टरांकडे एकटा गेलो. कागदावर लिहिलं, "परत येणार नाही ना?" त्यांनी चष्मा काढून पुसला आणि मग मान हलवली. बघ, माझा संशय खोटा नव्हता. मला वाटलं होतं तो खरा ठरला की बरं वाटेल. बरं वाटलं नाही. मी घाबरलोय, खारू. हे तुला लिहितो कारण दुसऱ्या कोणाला लिहिता येत नाही. दवाखान्याच्या जिन्यात मी माझं नाव मोठ्याने घेऊन बघितलं. वॉचमन वळून बघायला लागला.

संगणकवाल्याला येऊ नको म्हणून कळवलं. डिस्क भरत आली होती, म्हणून मी माझ्या सूचना तिच्यावरून पुसून टाकल्या. सीडीवर आहेत, आणि नसत्या तरी चाललं असतं. दोन जीबी तिला मिळाले. पण ते दोन-चार दिवसांत संपतील. तू एक मोठी हार्ड डिस्क घेऊन त्या कोपऱ्यावरच्या माणसाकरवी बसवून घे. मामीला सांग की सीडी हळू होतात म्हणून पाठवली. एवढ्यासाठी तरी त्या सीडीचा उपयोग होऊ दे.

आणि आता कृपया लक्ष द्या. मला कळलंय हे तिला कळू देऊ नकोस. पुन्हा सांगतो, कळू देऊ नकोस. तिने ते एकटीने वाहिलंय आणि तिला वाटतंय की त्याने मी सुखात आहे. ते तिच्याकडून काढून घ्यायचं नाही. मी टेबलावर जाऊन मुकाट झोपणार आहे.

डॉक्टरांनी कमी बोला म्हटलंय. आता कशाला कमी बोलू?

तुझा
मामा


१५ मार्च

प्रिय खारू,

हे घरी आले. घशाला पट्टी आहे, नळी आहे, पण चेहऱ्यावर जरा रंग आहे. गाठ पूर्ण निघाली असं डॉक्टर म्हणाले. उशाशी पाटी ठेवलीय. पहिल्या दिवशी पाटीवर लिहिलं, "चहा पातळ आहे." नळीतून दिलेलं पाणी होतं ते. मग मात्र मी बाहेर जाऊन रडले.

तू पाठवलेली डिस्क ऐन वेळेवर आली. ती नसती तर ऑपरेशनआधीचे शेवटचे आठ दिवस गेलेच असते, आणि तेच सगळ्यात भरलेले आहेत. ह्यांना काय झालं होतं कोण जाणे. बोलायची बंदी पार झुगारून दिली. मी रागावले, हात जोडले, ऐकलंच नाही. लहानपणच्या गोष्टी, तुझ्या आईच्या खोड्या, स्थानकावरच्या सगळ्या भानगडी. आमच्या लग्नाआधी ह्यांनी मला पहिल्यांदा बघितलं तेव्हा मी कोणाशी तरी भांडत होते म्हणे. हे मला कधी सांगितलं नव्हतं.

पण मला एक खुपतंय. घरात कोणाला विचारू, म्हणून तुला विचारते.

त्या आठ दिवसांत हे त्या खोलीतून उठलेच नाहीत. मी स्वयंपाकघरात गेले की हाका मारून बोलवायचे. सीडी दोन तास अडून बसली तरी एका शब्दाने कुरकुर नाही. मी फडकं घेऊन आले की ह्यांनी गपचूप दोन्ही हात उचलून मागे घ्यायचे, मला पुसायला जागा करून. आधी माझ्या हातावर चापट बसायची. आणि ह्यांच्या सूचनांच्या फाइली संगणकावर नाहीत. इतक्या कष्टाने केलेल्या, कोणी पुसल्या? आपणहून पुसतील असा हा माणूस नाही.

खारू, ह्यांना कळलं होतं का?

नसेल कळलं तर आता कधी कळू नये असं मला वाटतं. अजून हे पाटीवर लिहितात, "किती दिवस राहिले?" आणि मी बोटं मोजून दाखवते. तीन आठवडे संपले की काय सांगायचं, ते मला सुचत नाही. आणि कळलं असेल तर मी कोणापासून लपवतेय? एवढं सगळं साठवलं, पण मला ते लावता येत नाही. हे सतत घरात असतात. लावलं तर ह्यांना ऐकू जाईल. मी नुसती त्या फोल्डरचं नाव बघते आणि संगणक बंद करते. आवाज विसरायला लागला तर, अशी भीती वाटते. आठवायला गेले की स्थानकावरचाच येतो.

मला खरं काय ते लिही. ह्यांच्या हाती लागेल असं लिहू नकोस.

तुझी
मामी


१९ मार्च

प्रिय मामा आणि प्रिय मामी,

दोघांना नमस्कार. आजवर एकाचं पत्र आलं की मी ते दुसऱ्यापासून लपवलं. आज पाकिटावर मुद्दाम दोघांचं नाव घातलंय आणि ते साध्या टपालाने पाठवतेय. कोणीही उघडा, पण दुसऱ्याला हाक मारून उघडा. मामांनी टाळी वाजवली तरी चालेल.

मामी, हो. त्यांना कळलं होतं. सोमवारी संगणक पुसायचा होता, त्याच्या आधीच त्यांनी तुझं फोल्डर उघडलं. चूक माझी, मीच उघडू नका म्हटलं. मग ते एकटे डॉक्टरांकडे जाऊन आले. डिस्क त्यांनी मागवली. सूचना त्यांनी पुसल्या, तुला जागा व्हावी म्हणून. ते आठ दिवस ते तुझ्यासाठी बोलले, आणि तुला कळू नये म्हणून पाटीवर अजून दिवस विचारतात. तीन आठवडे संपल्यावर काय सांगायचं याची तू काळजी करू नकोस. काय सांगणार ते त्यांना आधीपासून माहीत आहे.

मामा, तुमचं ऐकलं नाही. तुम्ही दोनदा सांगूनसुद्धा नाही. तुम्हाला वाटलं तिला सुखात ठेवतोय. तिने इतकं जमवलं आणि तुम्ही घरात आहात म्हणून ती ते ऐकू शकत नाही. तुमचा आवाज ती विसरत चाललीय, आणि तुम्ही पलीकडच्या खोलीत पाटी घेऊन बसला आहात. हे मला बघवत नाही. मला तुमच्या दोघांचाही राग आला आहे आणि दोघांची फार आठवण येते.

आता दुरुस्ती सांगते. संगणक चालू करा. "शिवणाचे नमुने" उघडा. शेवटून आठव्या दिवसापासून लावा. हेडफोन नको, स्पीकर लावा. मामी, मशीनवरून उठून तिथे जाऊन बस. मामा, तुम्ही तिच्या शेजारी बसा आणि तो म्हातारा काही चुकीचं बोलला तर पाटीवर दुरुस्त करा. सीडी काढायची घाई नाही. एक मला हवी आहे, सव्वा तास लागला तरी चालेल.

उत्तर दोघांनी एकाच कागदावर लिहा. भांडायचं असेल तर त्याच कागदावर भांडा.

तुमची
खारू